नेपोलियन हरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं?

नेपोलियनबद्दल शाळेत आपल्याला साधारण दोन गोष्टी सांगतात, एक म्हणजे रशियाच्या थंडीत त्याचं सैन्य गारठून मेलं आणि दुसरी म्हणजे वॉटर्लूला तो कायमचा हरला. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की हा माणूस वीस वर्षं नुसता जिंकत गेला आणि शेवटी एकदाच आपटला. तसं नाहीये. आयुष्यात त्यानं साठच्या आसपास लढाया लढल्या आणि त्यातल्या सात-आठ तरी तो स्वतः मैदानात असताना सरळसरळ हरला, जरा कडक मोजलं तर दहाही होतील. पहिली हार तर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच आहे, जेव्हा तो सम्राट वगैरे कोणी नव्हता, फ्रान्सच्या इटलीतल्या सैन्याचा एक तरुण जनरल होता.

या सगळ्या पराभवांबद्दल वाचताना मला सारखं एक जाणवतं. लढाई हरल्यावर त्या दिवशी किती माणसं पडली यापेक्षा पुढच्या दोन-चार दिवसांत दोन्ही बाजूंनी काय केलं हे बघितलं की नेपोलियन आधी का सावरायचा आणि नंतर का सावरला नाही हे जास्त नीट कळतं. म्हणून हा लेख त्याच अंगानं लिहितोय.

आधी त्याची लढायची पद्धत थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. पूर्वी राजांच्या फौजा एका मोठ्या गठ्ठ्यात चालायच्या, मागे धान्याच्या गाड्यांची लांबच लांब रांग, त्यामुळे वेग कमी. नेपोलियननं सैन्याचे तुकडे केले, त्याला कोअर म्हणतात, एका कोअरमध्ये साधारण पंधरा ते तीस हजार माणसं आणि प्रत्येकात स्वतःचं पायदळ, घोडदळ, तोफा सगळं. म्हणजे एक कोअर एकटं सापडलं तरी दिवसभर तग धरू शकतं. हे कोअर वेगवेगळ्या रस्त्यांनी चालायचे, एकमेकांपासून दिवसभराच्या चालीवर राहायचे, आसपासच्या गावांतून खाणंपिणं उचलायचे आणि शत्रू दिसला की सगळे त्या एका जागी धावायचे. शत्रूच्या मुख्य फौजेला एका मोठ्या लढाईत फोडायचं, लगेच त्याची राजधानी गाठायची आणि तह करून घ्यायचा, हा सगळा खेळ. १८०५ ला ऑस्ट्रिया आणि १८०६ ला प्रशिया असेच काही आठवड्यांत आडवे झाले. यात वेग लागतो, शत्रूनं लढाई द्यावी लागते आणि लढाईनंतर त्यानं तहाला बसावं लागतं. या तीनपैकी काहीही बिघडलं की नेपोलियन अडचणीत.

आता पहिली हार. नोव्हेंबर १७९६, उत्तर इटली. फ्रेंचांनी मांतुआच्या किल्ल्याला वेढा घातलाय आणि तो सोडवायला ऑस्ट्रियाचा अल्विंत्सी नावाचा सेनापती मोठी फौज घेऊन येतोय. ६ तारखेला बासानोला नेपोलियननं त्याच्यावर हल्ला केला, तो फसला. मग १२ तारखेला व्हेरोनाजवळ काल्दिएरोला, टेकडीवर बसलेल्या ऑस्ट्रियन लोकांवर पुन्हा हल्ला, पाऊस आणि गारा फ्रेंच सैनिकांच्या थेट तोंडावर, तोही फसला आणि माघार घेऊन व्हेरोनाला यावं लागलं. परिस्थिती इतकी वाईट की पॅरिसला लिहिलेल्या पत्रात हा माणूस चक्क निराश झालेला दिसतो, इटली हातातून जाते की काय असा सूर आहे.

पण बघा पुढे काय झालं. अल्विंत्सी जिंकूनही सावकाश चालला होता. नेपोलियन १४ तारखेच्या रात्री व्हेरोनाच्या पश्चिमेकडच्या दरवाजानं बाहेर पडला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हा पळतोय, आणि मग नदीच्या काठाकाठानं खाली वळून रोंकोला पूल बांधून परत अदिजे नदी ओलांडली, थेट शत्रूच्या पाठीमागे. जागा निवडली ती पण दलदलीची. दोन्हीकडे चिखल आणि मधून अरुंद बांध, त्यामुळे शत्रूची माणसं जास्त असली तरी एका वेळी पुढे येणार किती? आर्कोलेचा पूल घ्यायला तीन दिवस गेले, स्वतः नेपोलियन गर्दीत बांधावरून खाली चिखलात पडला आणि त्याचा सहायक म्युइरों तिथेच मारला गेला. झेंडा घेऊन पूल ओलांडणारा नेपोलियन चित्रांत दिसतो ना, प्रत्यक्षात त्या हल्ल्यात पूल हाती लागलाच नव्हता. पण १७ तारखेला अल्विंत्सी मागे हटला. काल्दिएरोच्या हारेनंतर पाच दिवसांत बाजी पालटली होती. मला विचाराल तर नेपोलियनचं सगळं कसब या पाच दिवसांत आहे, ऑस्टरलिट्झच्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या विजयापेक्षाही जास्त, कारण इथे त्याच्या हातात जवळजवळ काही नव्हतं.

दुसरी मोठी हार अक्रेची, आजच्या इस्राएलमधलं समुद्रकाठचं तटबंदीचं गाव. १७९८ ला नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, त्यामागे इंग्रजांचा हिंदुस्थानकडचा रस्ता तोडायचा विचार होता, आणि जानेवारी १७९९ मध्ये त्यानं कैरोहून टिपू सुलतानाला पत्रही लिहिलं, जे टिपूपर्यंत पोचलंच नाही, वाटेतच इंग्रजांच्या हाती लागलं. पण त्याच्या आधीच, १ ऑगस्ट १७९८ ला, इंग्रज आरमाराच्या नेल्सननं नाईलच्या मुखाजवळ त्याचं आरमार बुडवलं होतं. समुद्र इंग्रजांचा झाला म्हणजे अक्रेसारख्या बंदराचा किल्ला घेणं किती अवघड असेल विचार करा. तट फोडायच्या जड तोफा वाळवंटातून ओढत नेणं शक्य नव्हतं म्हणून त्या जहाजांनी पाठवल्या, त्या इंग्रज कॅप्टन सिडनी स्मिथनं वाटेतच पकडल्या आणि किल्ल्यात नेऊन फ्रेंचांवरच फिरवल्या. किल्लेदार जज्जार पाशाला मदत करणारा इंजिनिअर फेलिप्पो हा फ्रेंच राजेशाहीवाला, पॅरिसच्या लष्करी शाळेत नेपोलियनच्याच बरोबर शिकलेला. फ्रेंचांकडे तोफगोळे इतके कमी की शत्रूनं डागलेले गोळे गोळा करून आणणाऱ्या सैनिकांना पैसे मिळायचे. वरून छावणीत प्लेग. मार्चपासून मेपर्यंत दोन महिने धडका मारून २० मे ला वेढा उठवला. याच वेढ्याच्या काळात, ४ मे १७९९ ला, इकडे श्रीरंगपट्टणात टिपू पडला, म्हणजे ज्याला मदत करायची भाषा होती तोच संपला.

इथे मात्र लढाई फिरवायची सोयच नव्हती. सैन्य इजिप्तमध्ये अडकलं होतं, तरी नेपोलियन स्वतः ऑगस्टमध्ये गुपचूप जहाजानं निघाला, ऑक्टोबरमध्ये फ्रान्सला पोचला आणि नोव्हेंबरमध्ये सत्ताच ताब्यात घेतली. मागे राहिलेल्या हजारो सैनिकांचं काय, हा प्रश्न त्याचे चाहते फारसा विचारत नाहीत. मला तो विचारावासा वाटतो, कारण पुढे रशियात ५ डिसेंबर १८१२ ला त्यानं पुन्हा तेच केलं.

मधली दहा वर्षं त्याच्या वैभवाची. आयलाऊला १८०७ मध्ये बर्फात रशियनांशी भयंकर कत्तल होऊन निकाल लागला नाही, पण स्पष्ट हार अशी १८०९ मध्येच, व्हिएन्नाच्या शेजारी, आस्पर्न-एस्लिंगला. व्हिएन्ना १३ मे ला घेतलं होतं, पण ऑस्ट्रियाची फौज डॅन्यूबच्या पलीकडे उभी होती, आणि नदीला उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर आलेला. मध्ये लोबाउ नावाचं बेट. नेपोलियननं घाईघाईनं होड्यांचा पूल बांधला आणि पलीकडे माणसं उतरवायला सुरुवात केली. त्याला वाटलं शत्रू लांब आहे. २१ मे ला आर्चड्यूक चार्ल्स जवळजवळ एक लाख माणसं घेऊन समोर आला, आणि फ्रेंच तेव्हा पलीकडे पोचलेले पंचवीस-तीस हजार. ऑस्ट्रियन लोकांनी नदीच्या वरच्या अंगाला ओंडके, दगड भरलेल्या नावा, अगदी पाण्यावर तरंगणाऱ्या पिठाच्या चक्क्यासुद्धा सोडून दिल्या, पेटवून सोडल्या, आणि त्या येऊन पुलावर आदळायच्या. पूल तुटायचा, जोडायचा, परत तुटायचा. त्याच्या दाव्हू नावाच्या मार्शलचं पूर्ण कोअर अलीकडच्या काठावर नुसतं बघत उभं. म्हणजे कोअर पद्धतीचा जो मूळ मुद्दा, सगळ्यांनी एका जागी धावायचं, तोच पाण्यात गेला. दोन दिवसांत दोन्हीकडे वीस-वीस हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि मार्शल लान, नेपोलियनचा अगदी जवळचा दोस्त, तोफगोळा पायांवर लागून जखमी झाला, पाय कापावा लागला, ३१ मे ला गेला. नेपोलियनला बेटावर माघार घ्यावी लागली.

आता चार्ल्सनं काय करायला हवं होतं? समोर थकलेलं, दारूगोळा संपलेलं, बेटावर अडकलेलं सैन्य आहे. त्यानं सहा आठवडे काहीही केलं नाही. नेपोलियननं त्या सहा आठवड्यांत लाकडी खांब ठोकून पक्के पूल उभारले, त्यांच्या वरच्या अंगाला खुंटांची रांग मारली म्हणजे काही वाहत आलं तर तिथेच अडकावं, बेटावर तोफा लावल्या, दूरदूरचे कोअर बोलावले, आणि ४ जुलैच्या रात्री वादळी पावसात भलतीकडूनच नदी ओलांडली. ५ आणि ६ जुलैला वाग्रामला तो जिंकला आणि १२ जुलैला युद्ध थांबलं. तीच नदी, तोच शत्रू, तेच मैदान जवळजवळ. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, वाग्रामला ऑस्ट्रियन सैन्य पूर्वीसारखं फुटलं नाही, नीट रांगेत मागे गेलं. शत्रू शिकायला लागले होते.

रशियाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण मोठ्या रणांगणावरची हार म्हणावी असं १८१२ मध्ये फार नाहीच. बोरोदिनोला ७ सप्टेंबरला मैदान त्याच्याच हातात राहिलं, १४ तारखेला तो मॉस्कोत होता. पण रशियनांनी तहाची बोलणीच केली नाहीत, आणि पाच आठवडे वाट बघून १९ ऑक्टोबरला तो निघाला. थंडीचं म्हणाल तर मॉस्कोला पोचायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, ताप, हगवण, उपासमार यांनी त्याच्या मुख्य फौजेचा मोठा हिस्सा गळून गेला होता, घोडे तर आधीच हजारोंनी मेले होते. खाणंपिणं गावांतून उचलायची पद्धत इटलीत चालते, जिथे दर दोन कोसांवर गाव आहे. रशियाच्या विरळ वस्तीत, त्यात माघार घेणाऱ्या फौजेनं धान्य जाळलेलं, सहा लाखांच्या मोहिमेला ती कशी पुरणार.

या घोड्यांचाच हिशोब १८१३ मध्ये बाहेर आला. मे महिन्यात ल्युट्झन आणि बाउट्झनला तो जिंकला, दोन्ही वेळा, पण पाठलाग करायला घोडदळच नाही. हरलेला शत्रू आरामात निघून गेला. म्हणजे आता हरल्यावर सावरायची संधी समोरच्यांना मिळायला लागली. जूनमध्ये तात्पुरता युद्धविराम झाला आणि तो संपेपर्यंत ऑस्ट्रियाही रशिया-प्रशियाला जाऊन मिळाला.

आणि इथे दोस्तांनी, म्हणजे नेपोलियनविरुद्ध एकत्र आलेल्या या देशांनी, जे ठरवलं ते मला फार हुशारीचं वाटतं. जुलैमध्ये त्राखेनबेर्ग इथे योजना ठरली: नेपोलियन स्वतः समोर आला की लढायचं नाही, मागे सरायचं, आणि तो जिथे नाहीये तिथे त्याच्या मार्शलांना धरून ठोकायचं. हे ठरवण्यात बर्नादोतही होता, जो आधी नेपोलियनचाच मार्शल होता आणि आता स्वीडनचा युवराज. त्याला आतली गोष्ट माहीत होती की नेपोलियननं मार्शलांना हुकूम पाळायला शिकवलंय, स्वतंत्र फौज चालवायला फारसं शिकवलं नाही. एकत्र कुटुंबात तिजोरीच्या किल्ल्या, देणंघेणं, शेताचे कागद सगळं एकाच कर्त्या माणसाकडे असतं आणि मुलं चाळिशीची झाली तरी त्यांना कशातलंच काही माहीत नसतं, तसं ते साम्राज्य होतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ड्रेस्डेनला नेपोलियन स्वतः जिंकला, आणि त्याच सुमाराला ग्रोसबेरेनला उदिनो हरला, कात्झबाखला मॅकडोनाल्ड हरला, कुल्मला वांदाम कैद झाला, सप्टेंबरच्या सुरुवातीला डेनेविट्झला नेय हरला. एक जिंकला, चार हरले. नेपोलियन इकडून तिकडे पळतोय, प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याच्याकडे गेला की ब्ल्यूखर मागे जातो, परत फिरला की ब्ल्यूखर पुढे येतो, आणि त्या चालण्यानंच त्याची कोवळी नवी पोरं झिजत गेली.

शेवटी ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला चारी बाजूंनी फास आवळला. १६ ते १९ ऑक्टोबर १८१३, दोन्हीकडची मिळून पाच लाखांच्या वर माणसं, पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपात एवढी मोठी लढाई झाली नाही. १६ ला जवळपास बरोबरी झाली. १७ ला नेपोलियन थांबून राहिला, आणि मला वाटतं चूक इथेच झाली, कारण त्या थांबण्याच्या काळात समोर एक लाखाच्या वर ताजी माणसं येऊन मिळाली, त्याला मात्र किरकोळ कुमक. १८ ला सॅक्सन सैनिक भर लढाईत दुसऱ्या बाजूला गेले. १९ ला माघार, एल्स्टर नदीवर एकच पूल, आणि तो उडवायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या कॉर्पोरलनं घाबरून वेळेआधीच उडवून दिला, फ्रेंच सैनिक पुलावर असतानाच. हजारो मागे अडकले. पोलंडचा पोनियातोव्स्की, ज्याला तीनच दिवसांपूर्वी मार्शल केलं होतं, जखमी अवस्थेत घोडा पाण्यात घालून बुडाला.

१८१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्येच लढाई आली. ला रोथिएरला तो १ फेब्रुवारीला हरला, पण १० ते १४ फेब्रुवारीत ब्ल्यूखरच्या विखुरलेल्या फौजेला लागोपाठ चार वेळा झोडपलं, अगदी आर्कोलेच्या दिवसांसारखं. पूर्वी एवढं झालं की समोरचा एखादा तरी तहाला यायचा. आता आला नाही, कारण मार्चमध्ये चौघांनी, म्हणजे इंग्लंड, रशिया, ऑस्ट्रिया, प्रशियानं, शोमाँला करार केला की कोणीही एकट्यानं तह करायचा नाही. लाँ आणि आर्सी इथे तो पुन्हा हरला, ३१ मार्चला दोस्त पॅरिसमध्ये शिरले, एप्रिलमध्ये त्यानं गादी सोडली आणि एल्बा बेटावर रवानगी झाली.

एल्बाहून निसटून १८१५ मध्ये त्यानं फ्रान्सची सत्ता पुन्हा घेतली. आता वॉटर्लू, पण ते १८ जूनपासून सांगून चालत नाही, १६ जून १८१५ पासून सांगावं लागतं. त्या दिवशी लिनीला नेपोलियननं ब्ल्यूखरला हरवलं. ब्ल्यूखर बहात्तर वर्षांचा, त्याचा घोडा मेला, तो खाली अडकला आणि फ्रेंच घोडदळ शेजारून दोनदा गेलं तरी कुणाला कळलं नाही. त्याच दिवशी देर्लोंचं वीस हजारांचं कोअर उलटसुलट हुकमांमुळे लिनी आणि जवळच कात्र-ब्रा इथे चाललेल्या दोन लढायांच्या मध्ये नुसतं येरझाऱ्या घालत राहिलं, कुठेच कामाला आलं नाही. हुकूम नीट लिहून पोचवणारा बेर्तिए, वीस वर्षांचा त्याचा चीफ ऑफ स्टाफ, १ जूनला बांबेर्गला खिडकीतून पडून मेला होता आणि त्याच्या जागी सुल्त होता, जो चांगला सेनापती पण हे काम वेगळं.

लिनीच्या रात्री ब्ल्यूखरचा सहकारी ग्नायझेनाउ यानं ठरवलं की पूर्वेला आपल्या घरच्या दिशेनं जायचं नाही, उत्तरेला वाव्रला जायचं, म्हणजे इंग्रज सेनापती वेलिंग्टनशी संपर्क राहील. हरलेल्या सैन्यासाठी हा फार धाडसाचा निर्णय. नेपोलियननं गृहीत धरलं की ते ऱ्हाईनकडेच पळणार, १७ ची सकाळ घालवली आणि दुपारच्या सुमाराला मार्शल ग्रूशीला तेहतीस हजार माणसं देऊन मागावर पाठवलं. म्हणजे काल्दिएरोनंतर जे नेपोलियननं अल्विंत्सीला केलं होतं, हरून पळाल्यासारखं दाखवून परत बगलेवर यायचं, ते आता ब्ल्यूखर त्याला करत होता, आणि अल्विंत्सीसारखा सावकाश या वेळी नेपोलियन होता.

समोर वेलिंग्टन. हा तोच आर्थर वेलस्ली जो टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होता आणि २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याजवळ असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला. तिथे वाटाड्ये म्हणत होते नदी पायी ओलांडायला उतार नाही, पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली त्यावरून यानं ओळखलं की मध्ये उतार असणारच, आणि तिथूनच फौज पलीकडे नेली. जमीन वाचणारा माणूस. वॉटर्लूला त्यानं बहुतेक सैन्य टेकाडाच्या मागच्या उतारावर लपवलं, त्यामुळे फ्रेंच तोफांना नीट नेम मिळेना. रात्रभर पाऊस झालेला, चिखल सुकावा म्हणून नेपोलियननं साडेअकरापर्यंत लढाई सुरू केली नाही. दुपारी एकच्या सुमाराला लांबवर प्रशियन दिसले, साडेचारनंतर ते प्लांसनुआ गावाच्या बाजूनं भिडले, मार्शल नेयनं पायदळाशिवाय घोडदळाचे हल्ले करून घोडदळ संपवलं, साडेसातला शेवटी त्याची खास फौज, शाही गार्ड, पुढे गेली आणि परत फिरली. रात्री प्रशियन लोकांनी पाठलाग केला, जेनापला नेपोलियनची बग्गीसुद्धा पकडली. आधीच्या हारांमध्ये त्याला जो श्वास घ्यायला वेळ मिळायचा तो ब्ल्यूखरनं दिला नाही.

यावर हमखास विचारलं जातं की ग्रूशी वेळेत आला असता तर? १८०० ला मारेंगोला त्याचा जनरल देझे असाच परत येऊन हरलेली लढाई जिंकून गेला होता, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. समजा आला, आणि समजा वेलिंग्टन हरला. तरी २५ मार्चलाच चौघांनी करार नवा केला होता, प्रत्येकानं दीड-दीड लाख सैन्य उभं करायचं आणि कोणी वेगळा तह करायचा नाही, आणि ऑस्ट्रिया-रशियाच्या फौजा ऱ्हाईनच्या दिशेनं येतच होत्या. जुलैत पुन्हा लढाई झाली असती, तीही तो जिंकला असता तर ऑगस्टमध्ये आणखी एक, आणि फ्रान्समध्ये भरतीला उरलेली पोरं दर महिन्याला कमीच होत गेली असती.